सिरॅमिकचा खुबा, चौदा महिने वापरून: बॉलला पाच स्टार, बाकीचं खाली

उजव्या खुब्यात सिरॅमिक-ऑन-सिरॅमिक जॉइंट बसवून चौदा महिने झाले. लोक मोबाईलचा रिव्ह्यू दोन दिवसांत टाकतात, मी वर्षभर थांबलो कारण ही वस्तू परत करता येत नाही आणि बिघडली तर सर्व्हिस सेंटरला नेता येत नाही, आपल्यालाच टेबलावर झोपावं लागतं. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये. मटेरियल, डिझाइन आणि बसवणं याबद्दल लिहायचंय, कारण ऑपरेशनच्या आधी मला एकाच गोष्टीची धास्ती होती, हे फुटलं तर?

धास्ती उगाच नव्हती. माझं काम मशिनिंगचं. लेथवर सिरॅमिक इन्सर्ट, म्हणजे धातू कापायची छोटी पाती, रोज हाताळतो, कडक लोखंड लोण्यासारखं कापणारा इन्सर्ट मध्येच जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, खाच आली की टकदिशी कसा उडतो ते वीस वर्षं बघतोय. दाबून धरा, काही होत नाही, झटका द्या, संपला. त्यामुळे डॉक्टर म्हणाले की गोळा आणि वाटी दोन्ही सिरॅमिकचे बसवू, वय कमी आहे, झीज नगण्य असते, तेव्हा माझ्या डोळ्यासमोर कचऱ्याच्या ट्रेमधले तुटके इन्सर्टच आले.

वय 44, निदान एव्हीएन, म्हणजे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड आतून मरत जातं. त्याचं रडगाणं इथे नको.

डॉक्टरांनी टेबलाच्या ड्रॉवरमधून डेमोचा बॉल काढून हातात दिला. गुलाबी! मला वाटलं पांढरा असेल, कपबशीसारखा. गुलाबी का तर त्यात थोडं क्रोमियम ऑक्साइड असतं, रंग त्याचा. बाहेरून इतका गुळगुळीत की माझं तोंड आणि मागची ट्यूबलाइट दोन्ही त्यात दिसत होतं, अंगठा फिरवला तर काही लागतच नाही, आणि उलटा केला तर आत शंकूसारखं भोक, ते मात्र मॅट, बारीक ग्राइंडिंग केलेलं, कडेवर लेझरने नंबर मारलेला. मी सवयीने नखाने त्या भोकाची कड चाचपली, कुठे बर (उठलेली बारीक कड) किंवा चिप आहे का बघायला. डॉक्टर हसले, म्हणाले तुम्ही पहिले पेशंट ज्याने आतून बघितला, सगळे वरची चकाकी बघतात.

पण मला तेव्हाच कळलं की गंमत आतच आहे. हा बॉल स्टेमच्या, म्हणजे मांडीच्या हाडात बसवलेल्या धातूच्या दांड्याच्या, टोकावरच्या शंकूवर ठोकून बसवतात, स्क्रू नाही की गोंद नाही, नुसता टेपर फिट, शंकूवर शंकू घट्ट. आपण चालतो तेव्हा शंकू बॉलच्या आत घुसायला बघतो, म्हणजे बॉल आतून फाकवला जातो. सिरॅमिक दाबाला जबरदस्त पण ताणाला कच्चं, आणि आतल्या भोकाच्या भिंतीवर नेमका ताणच पडतो. पाचर मारून लाकूड चिरतात ना, तोच प्रकार, फक्त इथे लाकूड चिरायचं नाहीये. म्हणून ह्या बॉलच्या डिझाइनमधली निम्मी अक्कल त्या भोकात असते. शंकूचा कोन किती, भोक किती खोल, पहिला टेका कुठे लागतो, आतले कोपरे किती गोलावले, भिंत किती जाड. 28 मिमीचा बॉल 36 च्या मानाने कमजोर का, तर भोक तेवढंच आणि भोवतीची भिंत पातळ. मग सगळ्यांना मोठाच बॉल का नाही देत, तर बाहेरचा कप आपल्या हाडाच्या मापाने ठरतो, त्यात बॉल मोठा केला की मधला लायनर, म्हणजे कपात बसणारी वाटी, पातळ होतो. इकडे वाढवलं की तिकडे कमी, जागा तेवढीच.

आता मटेरियल. हे वाचताना मी खरा रमलो, कंटाळा आला तर पुढच्या पॅऱ्यावर जा.

सिरॅमिकचा पहिला खुबा 1970 मध्ये फ्रान्समध्ये पिएर बुतां नावाच्या सर्जनने बसवला, ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, आपल्या एमरीतलाच मुख्य माल पण अतिशुद्ध. तेव्हाचं ॲल्युमिना जाड कणांचं, आत बारीक पोकळ्या राहिलेल्या, त्यामुळे त्या काळात फुटण्याच्या केसेस बऱ्यापैकी झाल्या आणि आजही कोणी 'सिरॅमिक फुटतं बरं का' असं सांगतं ते बहुतेक त्याच जमान्याचं ऐकीव असतं. ठिसूळ वस्तूचं गणित असं की तिची ताकद सरासरी मटेरियलवर नाही, आतल्या सगळ्यात वाईट दोषावर ठरते. 1920 च्या सुमारास ग्रिफिथने काचेवर हे दाखवलं होतं. एक पोकळी, एक जाड कण, एक ओरखडा, बस, तडा तिथूनच सुरू होणार. त्यामुळे पुढची पंचवीस-तीस वर्षं लोकांनी काय केलं तर दोष बारीक केले. पावडर शुद्ध केली, कण लहान केले, आणि गरम असतानाच चारी बाजूंनी गॅसचा प्रचंड दाब देऊन आतल्या पोकळ्या मिटवल्या, ज्याला हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग म्हणतात.

तरीही तडा एकदा निघाला की ॲल्युमिनात त्याला अडवणारं कोणी नाही. इथे झिर्कोनिया येतो. आणि ही आयडिया मला इतकी आवडली की बायकोला जेवताना समजावून सांगितली, तिने ऐकून घेतली बिचारीने. झिर्कोनियाचे बारीक कण ॲल्युमिनात पसरून ठेवायचे, असे की ते एका अडकवून ठेवलेल्या रचनेत बसलेले असतात, स्प्रिंग दाबून लॉक केल्यासारखे. तडा त्यांच्याजवळ आला की तिथला ताण वाढतो, लॉक सुटतं, कण दुसऱ्या रचनेत जातो आणि त्या नादात साधारण 4 टक्के फुगतो. फुगला की आजूबाजूने तड्याचं तोंड दाबलं जातं. म्हणजे तडा स्वतःच स्वतःचा गळा आवळून घेतो! ऑस्ट्रेलियातल्या गार्वी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये हे मांडलं तेव्हा याला सिरॅमिकमधलं स्टील म्हणावं का असा सवालच टाकला होता. गुलाबी मालात साधारण 80 टक्क्यांच्या वर ॲल्युमिना, 17 टक्के झिर्कोनिया, आणि थोड्या चपट्या पत्रीसारख्या स्फटिकांची भर असते, त्या पत्र्यांना धडकून तड्याला वळसा घालावा लागतो, सरळ रस्ता मिळत नाही. तडा रोखायची क्षमता साध्या ॲल्युमिनाच्या दीड-दोनपट होते. धातूच्या तुलनेत तरीही खूप कमी, ते लक्षात असू द्या, गुलाबी झाला म्हणून तो पोलाद झाला नाही.

मग नुसत्या झिर्कोनियाचाच बॉल का नाही? केला होता की. कणखर म्हणून गाजला, आणि 2001 मध्ये फ्रान्समधल्या एका उत्पादकाचे असे बॉल बाजारातून परत बोलवावे लागले, कारण काही बॅचचे बॉल एक-दोन वर्षांतच फुटायला लागले. भट्टी बदलली होती, आधी बॅचवाली होती, नंतर एका टोकाने माल आत आणि दुसऱ्या टोकाने बाहेर अशी टनेल भट्टी आणली, मटेरियल कागदावर तेच, पण भाजणं बदललं आणि माल आतून बदलला. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला कारण आमच्याकडे हीट ट्रीटमेंटवाला बदलला की काय होतं ते मी भोगलंय. शिवाय नुसत्या झिर्कोनियाला पाण्याचं वावडं, ओलाव्यात आणि विशेषतः वाफेच्या उष्णतेत ते लॉक हळूहळू आपोआप सुटत जातात, पृष्ठभाग खडबडीत होतो. मिश्रणात ॲल्युमिना त्या कणांना चहूबाजूंनी घट्ट धरून ठेवतो म्हणून हा त्रास बराच कमी. म्हणजे जो गुण तेच दुखणं, प्रमाणात घातलं तर औषध.

टेस्टिंगबद्दल एक गोष्ट सांगतो जी कुठल्याच सेल्सवाल्याने सांगितली नाही आणि ज्यामुळे मी होकार दिला. चांगले उत्पादक सँपल टेस्ट करून थांबत नाहीत, प्रत्येक बॉल पाठवण्याआधी प्रूफ टेस्टला लावतात, वापरात येईल त्यापेक्षा बराच जास्त लोड देऊन. ज्यात मोठा दोष असेल तो तिथेच फुटतो, माझ्यात येऊन नाही. सँपलचे बॉल वेगळे, ते फुटेपर्यंत दाबतात. अमेरिकेच्या एफडीएचा निकष असा की सँपलची सरासरी किमान 46 किलोन्यूटन हवी आणि एकही 20 च्या खाली फुटता कामा नये. 46 म्हणजे साडेचार टनांच्या वर, त्या अंड्याएवढ्या गोळ्यावर.

हा आकडा मला आठव्या महिन्यात उपयोगी पडला. जिन्यात मोबाईल बघत उतरत होतो (हो, माझीच चूक), शेवटची पायरी आहे असं वाटलं आणि ती नव्हती. उजवा पाय हवेतून धप्पकन खाली. रेलिंग धरून तिथेच उभा राहिलो, घाम फुटलेला, दुखत काहीच नव्हतं पण कान आत लावून ऐकतोय काही करकर वाजतंय का. नंतर बसून हिशेब केला. साधं चालताना खुब्यावर वजनाच्या अडीचपट वगैरे लोड येतो, अडखळलं की सात-आठपट जातो, हे सेन्सर बसवलेल्या इम्प्लांटवर मोजलेलं आहे. माझं वजन 78, आठपट म्हणजे सव्वासहाशे किलो, सहा किलोन्यूटनच्या आसपास. सरासरी बॉल त्याच्या सातपट घेतो. एक्स-रे काढला तरी, मनाच्या समाधानाला. सगळं जागच्या जागी.

पण. तो साडेचार टनांचा आकडा स्वच्छ, कोऱ्या, तंतोतंत जुळणाऱ्या शंकूवरचा आहे. आणि इथेच माझा मुख्य मुद्दा आहे, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. लेथच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिल स्लीव्ह घालताना कुठलाही जुना टर्नर काय करतो? आधी तळहाताने टेपर पुसतो. मग आत बोट फिरवतो. मगच ठोकतो. एक बारीक बुरादा राहिला तरी टेपर एका जागी टेकतो, बाकी हवेत. आमच्याकडे तसं झालं तर भोक वेडंवाकडं पडतं, दुसरा जॉब घ्यायचा. सिरॅमिक बॉलमध्ये तसं झालं, शंकूवर रक्ताची साय, चरबी, हाडाचा कण राहिला, तर सगळा लोड त्या एका टेकलेल्या ठिपक्यावर येतो आणि बॉलची ताकद धाडकन खाली येते, मग तुमचा झिर्कोनिया कितीही फुगू दे. म्हणून शंकू धुवायचा, कोरडा पुसायचा, बॉल हाताने फिरवत बसवायचा, मग प्लास्टिकच्या टोकाच्या इम्पॅक्टरने नीट सरळ रेषेत ठोकायचा. लोखंडी हातोडी थेट नाही. बॉल खाली पडला तर वापरायचा नाही, वरून साबूत दिसला तरी. एकदा बसवून काढलेला परत वापरायचा नाही. आणि आधीच्या ऑपरेशनचा स्टेम तसाच ठेवून नवा सिरॅमिक बॉल घालायचा असेल तर जुन्या, ओरखडलेल्या शंकूवर थेट बसवायचा नाही, मध्ये टायटॅनियमचं स्लीव्ह असलेला बॉल वापरायचा.

मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना भीत भीत विचारलं, सर तुम्ही टेपर पुसता ना? क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तीन वेळा, आणि शेवटचं मी स्वतः, असिस्टंटला देत नाही." त्या एका वाक्यावर मी निर्धास्त झोपलो. ब्रोशर वाचून नाही.

ब्रोशरवरून आठवलं, तक्रारी.

पहिली, डिस्ट्रिब्युटरचा माणूस. टाय लावून आला, म्हणाला "सर हे फुटतच नाही, लाइफटाइम आहे." मी विचारलं फुटायचं प्रमाण किती, तर म्हणाला झिरो. झिरो नाहीये रे बाबा. ब्रिटनच्या जॉइंट रजिस्ट्रीच्या, म्हणजे बसवलेल्या सांध्यांच्या नोंदवहीच्या, आकड्यांवरून 2017 मध्ये आलेल्या अभ्यासात गुलाबी मटेरियलचे बॉल फुटायचं प्रमाण 0.009 टक्के आलं, म्हणजे लाखात नऊ, आधीच्या पिढीतल्या ॲल्युमिनाच्या बॉलचं 0.119. केवढी सुधारणा! हेच सांग ना, माणूस खूश होऊन जाईल, खोटं कशाला. बहुतेक तो झिरो म्हणाला कारण पुढचा प्रश्न त्याला नको होता, लायनरचं काय?

लायनरचं त्याच अभ्यासात 0.126 टक्के, आणि जुन्या मटेरियलच्या लायनरचं 0.112. म्हणजे बॉल तेरापट सुधारला आणि वाटी होती तिथेच. कारण वाटीचा रोग मटेरियलचा कमी आणि बसवण्याचा जास्त. लायनर धातूच्या कपात बसवताना किंचित तिरका बसला, कडेला चिप उडाली, किंवा कप चुकीच्या कोनात असला आणि बॉल कडेवरच घासत राहिला, किंवा पाय फार वळवल्यावर स्टेमची मान कडेला आपटत राहिली, की पातळ कड हळूहळू दगावते. काही डिझाइनमध्ये लायनर कारखान्यातच धातूच्या वेष्टणात बसवलेला येतो, कडेला धातूची पट्टी वर आलेली, म्हणजे मान आपटली तर आधी तिच्यावर. मला साधा लायनर आहे. डॉक्टर म्हणाले बसवल्यावर बोट फिरवून चारी बाजूंनी सारखा आहे का बघतात. परत तेच, बोट.

दुसरी तक्रार आवाजाची. तिसऱ्या महिन्यात बुटाची लेस बांधायला वाकलो की आतून कुर्र्र असा, बिजागरीला तेल नसल्यासारखा आवाज यायचा. घरात सगळ्यांना ऐकू जायचा, मुलगा दार उघडल्यासारखा अभिनय करायचा. सिरॅमिक-ऑन-सिरॅमिकमध्ये काही लोकांना हे होतं, दोन कडक पृष्ठभागांमधला ओलावा क्षणभर सरकला की. सतत यायला लागला तर दाखवायचं कारण कडेवर घासत असल्याची खूण असू शकते. माझा दीड-दोन महिने येऊन आपोआप बंद झाला. पण आधी कोणीतरी सांगायला हवं होतं की नाही? मी दोन रात्री जागलो.

तिसरी, कागद. इम्प्लांटचे स्टिकर, ज्यावर बॉलचा साइज, मटेरियल, लॉट नंबर असतो, ते डिस्चार्ज फाइलमध्ये नव्हतेच. मागितले तर काउंटरवर "कशाला हवेत?" कशाला म्हणजे? पंधरा वर्षांनी कोणा दुसऱ्या डॉक्टरला आत काय आहे ते एक्स-रेवरून ओळखत बसायला लावू? आणि कधी फुटलंच, तर पुढे काय घालायचं हे त्यावर ठरतं, कारण सिरॅमिक फुटलेल्या जागी कोबाल्ट-क्रोमचा बॉल घालणं हा धोक्याचा प्रकार आहे, आत राहिलेला बारीक चुरा पॉलिश पेपरसारखा धातू खरवडत राहतो आणि कोबाल्ट रक्तात जाऊन हृदयापर्यंत त्रास झालेल्या केसेस नोंदलेल्या आहेत. परत सिरॅमिकच घालावं लागतं. तर ते स्टिकर तीन चकरा मारून मिळवले, फोटो काढून ठेवलाय.

बाकी वापर कसा वाटतो म्हणाल तर वाटतच नाही, हेच कौतुक. रोज पाच किलोमीटर चालतो, मशीनवर आठ तास उभा असतो, थंडीत दुखत नाही. एअरपोर्टला वाजतं पण ते टायटॅनियमचा स्टेम आणि कप, बिचाऱ्या बॉलचा दोष नाही.

तर स्टार. बॉल पाच. लायनर साडेतीन. सर्जनला पाचात सहा. डिस्ट्रिब्युटर एक, तोही टायसाठी. परत निवडायचं झालं तर हेच घेईन का? बॉल शंभर टक्के हाच. वाटी मात्र कदाचित सुधारित प्लास्टिकची, क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनची घेईन. झीज सिरॅमिकपेक्षा थोडी जास्त, पण सिरॅमिकसारखी फुटायची धास्ती नाही, किंचित तिरकी बसली तरी सांभाळून घेते, कुर्र नाही. डॉक्टरांनी दोन्ही पर्याय ठेवले होते, सिरॅमिकचा हट्ट माझाच, झीज नगण्य बघून मशिनिस्ट माणूस भुलला.

जाता जाता, ऑफिसातल्या एकाने विचारलं की गुडघ्यात असलं मिळतं का, त्याच्या आईसाठी. मिळतं पण तिथे प्रकरण वेगळं आहे. खुब्यात गोळा वाटीत बसतो, लोड पसरतो. गुडघ्याचा भाग वळणावळणाचा, कुठे पातळ कुठे जाड, टेका लहान, आणि तसला अख्खा सिरॅमिकचा तुकडा हाडावर ठोकून बसवायचा म्हणजे फुटायची भीती आलीच. म्हणून तिथे एक वेगळी युक्ती चालते, झिर्कोनियमच्या मिश्रधातूचा भाग बनवून तो तापवतात आणि त्याच्याच वरच्या कातडीचं सिरॅमिक होतं, जेमतेम 5 मायक्रॉन, केसाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. वर कडक काळं कुळकुळीत, आत धातूचा चिवटपणा. त्याला सांगितलं की डॉक्टरांना हे विचार. आणि टेपरचं काय विचारू म्हणाला, तर म्हटलं तुझ्या आईच्या गुडघ्यात बॉल नाही रे, तिथे पुसायचं हाड असतं, सिमेंट लावायच्या आधी.